खडकवण्याची टिटवी

पालवीने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. सहा वाजून त्रेचाळीस मिनिटं. बस नुकतीच ओढ्यावरची मोरी ओलांडून वळणाला लागली होती, आणि मागे डोंगराच्या अंगाने टिटवीचा कर्कश आवाज सुरू झाला होता.

"आजही ओरडली," कंडक्टर म्हणाला आणि तिकिटं फाडू लागला. बसमधल्या कुणी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

ही टिटवी म्हणजे पक्षी नव्हे. खडकवणे हे गाव डोंगराच्या पायथ्याला चिकटून वसलेलं. वरचा उतार पावसात भिजला की दरडीची भीती. म्हणून तीन वर्षांपूर्वी त्या उतारावर एक दरड-चौकी बसवली होती: जमिनीत पुरलेले सहा खांब, खांबांमध्ये संवेदक (जमिनीची हालचाल टिपणारी छोटी साधनं), तळहाताएवढा एक संगणक, सूर्यप्रकाशावर भरणारी बॅटरी आणि गावात एका खांबावर चढवलेला भोंगा. रानातली टिटवी धोका दिसला की ओरडते, तसा हा भोंगा ओरडणार, म्हणून गावाने त्याला तेच नाव दिलं. टिटवी ओरडली की सगळ्यांनी ओढ्यापलीकडच्या शाळेत जाऊन थांबायचं, असं ठरलेलं होतं.

पण गेले तीन आठवडे टिटवी दिवसातून दोनदा ओरडत होती आणि डोंगर जागच्या जागी होता. पहिल्या आठवड्यात माणसं पोराबाळांना घेऊन धावली. दुसऱ्या आठवड्यात निम्मी धावली. त्या धावपळीत सरपंच कमलताई ढेबे यांच्या सासूबाई चिखलात घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. गुरुवारी ग्रामसभा भरली आणि ठरलं, की रविवारी दुपारी बारा वाजता भोंग्याची वायर काढून टाकायची.

"रानातली टिटवी खोटं ओरडत नाही," कमलताई म्हणाल्या होत्या. "ही ओरडते. मग तिचं ऐकायचं कशाला?"

पालवीने हे ऐकलं होतं. पण ती रोज याच बसने बावीस किलोमीटरवरच्या तालुक्याच्या शाळेत सातवीत जायची, आणि तिच्या एक गोष्ट लक्षात आली होती. तिने वहीच्या शेवटच्या पानावर तीन आठवड्यांच्या वेळा लिहून काढल्या. सकाळी सहा त्रेचाळीसच्या आसपास, संध्याकाळी पाच दहाच्या आसपास. रविवारचे रकाने मात्र कोरे.

शुक्रवारी शाळेतून आल्यावर ती वही घेऊन थेट खानविलकर मॅडमच्या खोलीवर गेली.

मंदाकिनी खानविलकर यांचं सगळं आयुष्य भूकंप मोजणाऱ्या वेधशाळेत गेलं होतं. चौकीचा प्रोग्रॅम त्यांनीच लिहिलेला. निवृत्त झाल्यापासून त्या पावसाळ्याचे चार महिने समाजमंदिरामागच्या खोलीत राहायच्या आणि चौकीवर लक्ष ठेवायच्या.

"मॅडम, टिटवी रविवारी ओरडत नाही," पालवी म्हणाली. "रविवारी बस नसते."

मॅडमनी वही हातात घेतली. मग लॅपटॉपच्या पडद्यावर चौकीच्या नोंदी आणल्या. प्रत्येक ओरडण्याच्या जागी एक उंच सुळका होता, आणि वीस सेकंदांत तो खाली येत होता.

"बस तर पूर्वीही होती," त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

"ती डिझेलची होती. ही नवी विजेवरची आहे. केवढ्या बॅटऱ्या आहेत तिच्या पोटात! मोरीवरून जाताना आम्ही सगळे उसळतो."

मॅडमनी एका सुळक्यावर बोट ठेवलं. "जड गाडी, मोरीला धक्का, तो धक्का खडकातून वर. आणि मी प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवलंय, की कंप इतका झाला की भोंगा वाजव. बसने बसचं काम केलं, टिटवीने टिटवीचं. चूक माझी आहे."

"मग खरी दरड कशी ओळखायची?"

"दरड सरकण्याआधी जमीन नुसती थरथरत नाही, कलतेही. केसभरच, पण कलते. बसने जमीन कलत नाही. संवेदकांना कल कळतो. मीच तो विचारला नाही."

"म्हणजे एक ओळ बदलायची? कंप आणि कल, दोन्ही असतील तरच ओरड?"

"एकच ओळ."

"मग बदला ना!"

मॅडम हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं. त्यांनी पालवीला पडद्यावर प्रोग्रॅम दाखवला. इंग्रजी शब्द, कंस, आकडे. नीट पाहिलं तर माणसाला वाचता येईल असा मजकूर. "हा उगम-मजकूर (प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने लिहिलेलं मूळ लिखाण). चौकीतल्या चिपला यातलं अक्षरही कळत नाही. तिला फक्त तिच्या भाषेतले आकडे कळतात. हा मजकूर त्या आकड्यांत बदलण्याचं काम कंपायलर (भाषांतर करणारा प्रोग्रॅम) करतो. आणि चौकीत फक्त माझा प्रोग्रॅम नाही. त्याच्याखाली सगळी यंत्रणा आहे, रेडिओ चालवणारी, बॅटरी सांभाळणारी. नऊ हजार फायली आहेत. त्या सगळ्यांचं भाषांतर करून, एकत्र जोडून, एक गठ्ठा तयार करायचा. याला बांधणी म्हणतात."

"मग चौकीच्या संगणकावरच करू या की."

"त्याला आठवडा लागेल, आणि बॅटरी या ढगाळ हवेत चार तासांत बसेल. शिवाय तेवढा वेळ डोंगराकडे कोण बघणार? राखणदाराला आपण दळायला बसवत नाही."

"तुमचा लॅपटॉप?"

"दुपारपासून तेच चाललंय. बदल कोणता ते ठाऊक नव्हतं, पण बांधणी लागणार हे दिसत होतं. सगळ्या फायली पहिल्यापासून, कारण पूर्वी बांधणी करून देणारी संस्था बंद पडली आणि आधी बांधलेलं सगळं तिच्याबरोबर गेलं." मॅडमनी लॅपटॉपवर हात ठेवला. तो तव्यासारखा तापला होता. "तीन तासांत पाच टक्के. त्यात दोनदा वीज गेली."

पालवीने मनातल्या मनात हिशेब केला. तीन तासांत पाच, म्हणजे शंभराला साठ तास. रविवारचे बारा केव्हाच वाजून गेलेले असणार.

"आमच्याकडे आजी घरच्या जात्यावर दळायची," ती म्हणाली. "आता आम्ही दळण डोक्यावर घेतो आणि गिरणीत नेऊन टाकतो. पीठ घेऊन घरी. दळायची जागा आणि खायची जागा एकच कशाला असायला हवी?"

मॅडमनी चष्मा काढला. "खरं आहे. पण एवढी मोठी गिरणी आणायची कुठून?"

"आमच्या तालुक्याच्या शाळेत आहे," पालवी म्हणाली. "प्लास्टिकखाली झाकून ठेवलीय."

शनिवारी सकाळी दोघी त्याच बसने निघाल्या. मोरीवर बस उसळली, आणि मागे टिटवी ओरडली. चार-पाच माणसांनी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

शाळेच्या संगणक-कक्षात कोपऱ्यात एक लांबट लोखंडी पेटी होती. एका बँकेने जुना सर्व्हर (इतर संगणकांची कामं करून देणारा मोठा संगणक) शाळेला देऊन टाकला होता. "वीज खातो आणि पंख्यांचा आवाज विमानासारखा," संगणकाचे प्रभुणे सर म्हणाले. "म्हणून कुणी लावत नाही. पण तुम्हाला उपयोग असेल तर लावा. बत्तीस कोअर आहेत त्यात."

कोअर म्हणजे चिपमधला एक स्वतंत्र गणक. बत्तीस कोअर म्हणजे बत्तीस फायलींचं भाषांतर एकाच वेळी.

प्रभुणे सरांनी पेनड्राइव्हवरून त्यावर लिनक्स (संगणकाची सगळी कामं चालवणारी, कुणालाही मोफत वापरता आणि बदलता येणारी प्रणाली) चढवायला घेतली. पालवीला वाटलं, आता रंगीत पडदा येईल, चित्रं येतील. पण आल्या त्या काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या ओळी.

"चित्रं नकोतच," मॅडम म्हणाल्या. "याच्यासमोर कुणी बसणार नाहीये. आपण गावातून याला हुकूम सोडणार. चित्रं काढण्यात त्याची ताकद कशाला घालवायची?"

मग त्यांनी सर्व्हरला जाळ्यावर एक पक्का पत्ता दिला, म्हणजे उद्या तो त्याच जागी सापडेल. त्यावर सुरक्षित जोडणीची सेवा सुरू केली, म्हणजे दूरच्या संगणकावर टाईप केलेला हुकूम मधल्या कुणालाही वाचता न येता इथे पोहोचेल. पालवीने विचारलं, "आणि दुसऱ्याच कुणी हुकूम पाठवला तर?"

"चांगला प्रश्न. परवलीचा शब्द ठेवला तर कुणीतरी अंदाजाने ओळखेल. आपण किल्ल्यांची जोडी करू." मॅडमनी आपल्या लॅपटॉपवर दोन छोट्या फायली तयार केल्या. "यातली एक कुलूप आहे, ती सर्व्हरवर ठेवायची. कुणी पाहिली तरी बिघडत नाही. दुसरी किल्ली, ती या लॅपटॉपमधून बाहेर जाणार नाही. ज्याच्याकडे किल्ली, त्यालाच दार उघडेल. आता परवलीच्या शब्दाने आत यायचा रस्ता बंदच करून टाक."

पालवीने तो बंद केला. मग बांधणीसाठी एक वेगळं खातं उघडलं. या खात्याला आपल्या खोलीत हवं ते करता येईल, पण सर्व्हरच्या बाकी कारभाराला हात लावता येणार नाही. चुकून काही बिघडलंच, तर त्या एका खोलीपुरतं.

पेनड्राइव्हवरच्या नऊ हजार फायली आत गेल्या. पालवीने बांधणीचा हुकूम दिला. पंखे गरजायला लागले. दिवे लुकलुकले. मॅडमनी सोबत चौकीसारखाच एक सुटा संगणक आणला होता. एका लहान भागाची बांधणी झाल्याबरोबर त्यांनी ती फाईल त्याच्यात घातली.

पडद्यावर एक ओळ उमटली. हे मला चालवता येत नाही.

पालवीचा चेहरा पडला. "मी काय चुकवलं?"

"तू नाही, मी सांगायला विसरले. सर्व्हरची चिप वेगळ्या घराण्यातली आणि चौकीची वेगळ्या. कंपायलरला काही सांगितलं नाही, तर तो स्वतःच्याच चिपच्या भाषेत भाषांतर करतो. आपल्याला असा कंपायलर हवा, जो बसेल सर्व्हरवर पण बोलेल चौकीच्या भाषेत. त्याला परभाषी कंपायलर म्हणू."

तो उतरवून घ्यायला तास गेला. कुठल्या साधनाची कुठली आवृत्ती (सुधारत गेलेल्या प्रोग्रॅमचा क्रमांक) हवी, त्याची यादी मॅडमकडे होती. पालवी एकेक ओळ वाचायची, प्रभुणे सर खूण करायचे. एका ठिकाणी तिला नवी आवृत्ती दिसली. ती म्हणाली, "नवी चांगली ना?" मॅडमनी मान हलवली. "उद्या नको. उद्या तंतोतंत तीच हवी, जिच्यावर चौकी तीन वर्षं चाललीय."

या वेळी सुट्या संगणकाने फाईल निमूटपणे चालवली. पण तेवढ्यात प्रभुणे सर खिडकीपासून मागे वळले. पाऊस वाढला होता आणि घाटात झाड पडल्याचं कळलं होतं. "मॅडम, संध्याकाळची बस आज दीडलाच सोडतायत. तिने निघा, नाहीतर इथेच अडकाल."

पूर्ण बांधणी राहूनच गेली, आणि गावात रात्रभर वीज नव्हती.

रविवारी सकाळी रस्ता बंद होता. मॅडमच्या खोलीत पालवी लॅपटॉपसमोर बसली. गावातून तालुक्यापर्यंत एक बारीक रेडिओ-जोडणी होती. तिच्यावरून गाणंसुद्धा अडखळत यायचं. पण आता पाठवायचं होतं तरी काय? सगळा मजकूर काल पोहोचलेलाच होता. पालवीने फक्त ती एक ओळ बदलली. कंप आणि कल, दोन्ही एकाच क्षणी असतील तरच भोंगा. बदल डोळ्याची पापणी लवायच्या आत गेला.

मग तिने किल्लीने दार उघडलं. बावीस किलोमीटरवरच्या, कुलूप लावलेल्या शाळेतल्या सर्व्हरने पांढऱ्या ओळीत विचारलं, काय करू? तिने हुकूम दिला. दहा टक्के. अठरा. सत्तावीस. पालवी आकड्यांवरून नजर हलवेना.

सत्तेचाळीसला पडदा गोठला. कुठल्यातरी मनोऱ्याची वीज गेली होती. जोडणी तुटली.

"गेलं सगळं!" पालवी उठून उभी राहिली. "आता पुन्हा पहिल्यापासून!"

"बस खाली," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी चहाचं आधण ठेवलं. "दळण गिरणीत टाकून तू घरी आलीस, म्हणून काय गिरणी थांबते? काल मी ते काम सर्व्हरच्याच ताब्यात राहील असं लावून ठेवलंय. आपण फक्त बघत होतो."

तरी पालवीचा चहा गार झाला. पाऊण तासाने जोडणी परत आली. तिने लगेच दार उघडलं. सर्व्हरने सांगितलं: बांधणी पूर्ण, छत्तीस मिनिटं.

"लगेच चौकीत घालायचं?"

"थांब. आधी परीक्षा. तीन आठवड्यांच्या नोंदी त्याला ऐकवू. सर्व्हरवर चौकीचं सोंग घेणारा प्रोग्रॅम आहे. आणि दुसऱ्या डोंगरांवरच्या दोन खऱ्या दरडींच्या नोंदी माझ्याकडे आहेत, त्याही."

बस छत्तीस वेळा गेली. नवा प्रोग्रॅम छत्तीसही वेळा गप्प राहिला. पालवीने टाळी वाजवली. पहिली दरड आली, भोंगा वाजला. दुसरी दरड आली.

भोंगा वाजला नाही.

पालवीने पडद्यावरची आपली ओळ पुन्हा वाचली. तिने लिहिलेली ओळ चौकीत गेली असती, तर टिटवी खोटं ओरडली नसती, पण खरंही ओरडली नसती.

दोघींनी ती नोंद पुन्हा पाहिली. जमीन आधी कलली होती. कंप आठ मिनिटांनी आला होता.

"मी 'एकाच क्षणी' लिहिलं," पालवी हळूच म्हणाली. "डोंगराला काय घाई असते? 'एका तासाच्या आत' म्हणायला हवं होतं."

"लिही मग."

अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. पालवीने ओळ बदलली, पाठवली आणि घड्याळाकडे पाहिलं. पुन्हा छत्तीस मिनिटं लागली तर? पण सर्व्हर दीड मिनिटात थांबला.

"एवढ्यात?"

"नऊ हजारांतली एकच फाईल बदलली. बाकीच्यांचं भाषांतर तयारच आहे. तो फक्त बदललेलं पुन्हा करतो आणि जोडतो. पहिल्यांदा वेळ लागतो तो लागतोच."

या वेळी बसच्या छत्तीसही वेळा भोंगा गप्प राहिला, दोन्ही दरडींना वाजला. तयार गठ्ठा रेडिओवरून यायला चौदा मिनिटं लागली. तो वाटेत कुठे बिघडला नाही ना, हे पाहायला मॅडमनी दोन्हीकडच्या फायलींचे ठसे (फाईलमधल्या प्रत्येक अक्षरावरून काढलेला मोठा आकडा; एक अक्षर बदललं तरी तो बदलतो) जुळवले. जुळले. गठ्ठा चौकीत गेला. चौकी एक मिनिट झोपली आणि जागी झाली.

बाराला पाच कमी असताना कमलताई वायरमनला घेऊन खांबापाशी आल्या. मागे निम्मं गाव.

"कमलताई, प्रोग्रॅम बदललाय," पालवी म्हणाली. "ती आता बसला ओरडणार नाही."

"आज बस कुठंय, बाळ? तुझा शब्द मानायचा?"

"ट्रॅक्टर आहे की. दगड भरून मोरीवरून घाला."

ट्रॅक्टर भरला गेला. तो मोरीवरून एकदा गेला, दोनदा गेला, तिसऱ्यांदा मुद्दाम जोरात गेला. टिटवी गप्प. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. पण कमलताई हलल्या नाहीत.

"गप्प बसायला काय, मेलेलं जनावरही गप्प असतं," त्या म्हणाल्या. "ती आता मुकीच झाली नाही कशावरून?"

पालवीला राग आला नाही. हाच प्रश्न तासाभरापूर्वी तिला स्वतःला पडला होता. ती धावत जाऊन मॅडमचा सुटा संवेदक घेऊन आली. मॅडमनी तो रेडिओवरून चौकीला जोडून दिला. पालवीने तो एका फळीवर ठेवून फळीचं एक टोक बोटभर उचललं, आणि शेजारी पायांनी दाणदाण उड्या मारल्या.

टिटवी अशी ओरडली, की वायरमनच्या हातातली पकड खाली पडली.

कमलताईंनी कान झाकून घेतले होते. आवाज थांबल्यावर त्यांनी हात काढले. "आठ दिवस ठेवू," त्या म्हणाल्या. "आठच दिवस. आणि ओरडली तर मी स्वतः पुढे होऊन पळेन, बघते कोण मागे राहतो."

सोमवारी रस्ता खुला झाला. सोमवारी, मंगळवारी बस गेली, टिटवी गप्प राहिली. बुधवारी दुपारी दोनच्या सुमाराला ती ओरडली. बसची वेळ नव्हती. ट्रॅक्टर अंगणात उभा होता. कमलताईंनी हातातला विळा टाकला आणि सासूबाईंना पाठीवर घेतलं. गाव त्यांच्यामागून शाळेत गेलं. गुरं सोडून दिली होती, ती आपापली ओढा ओलांडून आली.

चाळीस मिनिटांनी वरचा उतार सुटला. फार मोठा नव्हता. दोन गोठे, कमलताईंच्या शेताचा बांध आणि एक पाण्याची टाकी त्याखाली गेली. माणूस एकही नाही. शाळेच्या ओसरीवरून सगळ्यांनी तो आवाज ऐकला.

पालवी त्या वेळी बावीस किलोमीटर दूर गणिताच्या तासाला बसली होती. तिला हे संध्याकाळी कळलं. ती मॅडमच्या खोलीत गेली, आणि दोघींनी बुधवारच्या नोंदी उघडून पाहिल्या. जमीन आधी कलली होती. कंप एकवीस मिनिटांनी आला होता.

पाऊस संपला. मॅडम आपल्या घरी गेल्या. सर्व्हर शाळेतच राहिला, आता प्लास्टिकशिवाय. एरवी तो बंद असतो. काम आलं की प्रभुणे सर तो सुरू करतात. घाटमाथ्यावरच्या अकरा गावांच्या चौक्यांची बांधणी आता तिथेच होते. प्रत्येक गावाचं वेगळं खातं, वेगळं कुलूप. खाती उघडायचं काम पालवीकडे आहे.

ऑक्टोबरात तिला सातपुड्यातल्या एका शाळेतून पत्र आलं. तिथल्या आठवीतल्या मुलांनी नदीचं पाणी वाढलं की इशारा देणारं यंत्र बनवलं होतं. मजकूर लिहून तयार होता, पण त्यांच्याकडे असलेल्या एकुलत्या एक संगणकावर बांधणी होईना. ती मुलं इतकी दूर होती, की पालवीने नकाशात ते गाव शोधायला दहा मिनिटं घालवली.

तिने मधल्या सुट्टीत उत्तर लिहिलं. दूर असलात तर काही हरकत नाही, तिने लिहिलं. किल्ल्यांची जोडी तयार करा, त्यातलं कुलूप मला पाठवा, किल्ली कुणालाही देऊ नका, मलाही नाही. आणि यंत्रातली चिप कोणत्या घराण्यातली आहे, तेवढं कळवा. तिची भाषा आमच्याकडे नसेल, तर शिकून घेऊ.